सामाईक मोरीतल्या मुंग्या

२२ सप्टेंबर १९३६
डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात माझी लघवी, खाली दिवा. निळ्याचं हिरवं झालं. म्हणाले, "थोडी साखर दिसतेय. अजून रोग नाही, चाहूल आहे. विटेसारखं लाल आलं असतं तर वेगळं बोललो असतो. वडिलांना मधुमेह होता ना?" होता. आधी अंगठा कापला, मग पाय, मग अप्पाच गेले. बावन्नावं लागलं होतं. मला एक्केचाळीस.
हुकूम: गोड बंद, भात मूठभर, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, रोज तीन मैल चाल. विचारलं, "सणाला?" म्हणाले, "सणाला साखर कडू होते काय?" उद्धट माणूस.

३० सप्टेंबर
सप्तापुरातल्या घरून कोर्टात पायी, संध्याकाळी पायी परत. पोटऱ्या भरून आल्या. अण्णाचा टांगा शेजारून गेला. सख्खे भाऊ, एकच कोर्ट. तो वकील, मी भाषांतरकार. ओरडला, "काय रे, पगार कापला काय?" टांगेवालाही हसला. सगळी धूळ माझ्या नाकात. मनात आलं ते इथं लिहीत नाही.

१५ नोव्हेंबर
दिवाळी. अण्णाकडे फराळ. एका घराचे दोन भाग, दोन चुली. आड आणि मोरी तेवढी सामाईक. वहिनींनी ताटलीत अनारसे, बेसनाचे लाडू रचले. मी म्हटलं, "साकु." कानडीत पुरे. हा शब्द आमच्या घरात कोणी मराठीतही म्हणत नाही, कानडीतही नाही. अप्पांनी जन्मात पानावर हात आडवा धरला नाही.
अण्णा म्हणाला, "खा की रे. त्या डॉक्टरला काय कळतंय? विष घातलंय काय त्यात?"
"अप्पा ह्यानंच गेले," मी म्हटलं. आठ पाहुण्यांदेखत.
वहिनी रडत आत. अण्णा म्हणाला, "माझ्या घरच्या अन्नाला विष म्हणालास. ह्यापुढं उंबरा चढू नको."
नाही चढत. कोणाला हौस आहे?

२२ नोव्हें.
फिरणे तीन मैल. भाकरी, मेथी, ताक. धोतर सैल झालं. अबोला चालूच. टांगा जाताना तो दुसरीकडं बघतो, मी घोड्याकडं. टांग्याच्या तिघांत घोडा शहाणा, रोज चालतो.

२८ नोव्हें.
मोरीत मुंग्या. भिंतीच्या फटीतून रांग, थेट लघवीच्या जागी. अप्पांच्या वेळी अशाच आल्या होत्या. आई त्यांच्यावर चुलीतली राख टाकायची आणि कोणाशी एक शब्द बोलायची नाही.
म्हणजे साखर आहेच, दोन महिने पाण्यात. सौ.ला सांगितलं नाही. भीती वाटते. त्याहून राग येतो, डॉक्टरचा, भाकरीचा, अप्पांचासुद्धा. रक्तातूनच द्यायचं होतं तर...

३० नोव्हें.
चाललो नाही. कोर्टाजवळ उभ्या उभ्या दोन पेढे खाल्ले. चव कळली नाही. घरी येऊन सौ.वर ओरडलो, भाकरी करपली म्हणून. करपली नव्हती.

३ डिसेंबर
डॉक्टरांकडे भांडायलाच गेलो. पुन्हा नळी, पुन्हा दिवा. निळं ते निळंच. परत करायला लावलं. परत निळं. म्हणाले, "चेहरा का पडला? साखर नाही, आनंद करा. चाल सोडू नका."
अर्ध्या रस्त्यापर्यंत आनंद केला. मग पाय थांबले. मोरीतल्या त्या जागेला पुरुष दोघंच. मी आणि अण्णा.

४ डिसें.
आता नीट बघतो. अण्णा आडावर तांब्याभर पाणी उभ्यानं पितो, लगेच दुसरा तांब्या. उजव्या पायाला चिंधी. वहाण चावली, वहिनींनी सौ.ला सांगितलं. कधी? दसऱ्याला! दीड महिना होत आला, जखम अजून भरली नाही.
सौ. म्हणते, "तुम्ही सांगा." मी? ज्याला उंबरा बंद, त्यानं? चिठ्ठी लिहायला बसलो. तीनदा फाडली. दिवसभर दुसऱ्यांचं म्हणणं ह्या भाषेतून त्या भाषेत करतो आणि स्वतःच्या भावाला चार ओळी जमत नाहीत.
खरं ते लिहितो. पहिल्यांदा कळलं तेव्हा क्षणभर बरं वाटलं होतं. जिरली, असं. लाज वाटते.

६ डिसें.
अप्पांचं श्राद्ध. अण्णाकडेच असतं, उंबरा चढावा लागला. भटजींना म्हटलं, अप्पांच्या पानावर लाडू नकोत.
अण्णा भटजींकडं बघून, "विचारा त्याला, मेलेल्या माणसाला पथ्य असतंय काय?"
मीही भटजींकडं बघून, "सांगा त्यांना, जिवंत माणसाला असतंय."
भटजी बिचारे कोणाकडंच बघेनात.
ब्राह्मण उठल्यावर आमची पंगत. मी अण्णाच्या शेजारी. वहिनी त्याला तिसरा लाडू वाढायला वाकल्या. माझा हात गेला. त्याच्या पानावर माझा हात, आडवा. "वहिनी, साकु."
"हात काढ."
"मोरीतल्या मुंग्या तुझ्या आहेत, अण्णा. माझी नळी निळी आली."
भरल्या पानावरून उठला. श्राद्धाच्या दिवशी. वहिनी म्हणाल्या, "पितर उपाशी गेले, तुमच्यामुळं."

८ डिसें.
मोरीत मुंग्या नाहीत. राख टाकलेली आहे. चुलीतली, ताजी. आमच्या चुलीतली नाही, सौ.ला विचारलं.
वहिनी आडावर भेटल्या. मान खाली. एक शब्द बोलल्या नाहीत.
अण्णाचं दार तीनदा वाजवलं. आतून, "चालता हो." झालो. नाक्यावर टांगेवाल्याला गाठलं. सांगितलं, उद्या साहेब बसले की कोर्टाकडं वळू नको, डॉक्टरांच्या दारात नेऊन उभा कर. म्हणाला, "साहेब मारतील मला." म्हटलं, तुला नाही, मला मारतील. मी मागनंच येतो.
शिव्या देणार. चाबूकसुद्धा ओढून घेईल. उतरतो की टांगा वळवायला लावतो, देव जाणे. सकाळी भाकरी खाऊन तयार राहायचं. धूळ फार उडते, उपरणं नाकाला बांधावं.