भोकं की ठोकळे

४ फेब्रुवारी
सौर पॅनलवाला फिटर आला. टेप घेऊन गच्चीभर फिरला. म्हणाला, सांगाडा बसवायचे दोन प्रकार. एक, स्लॅबला ड्रिलने भोकं पाडून बोल्ट घट्ट करायचे — पंचवीस वर्षं हलत नाही. दुसऱ्यात भोकं नाहीत. सिमेंटचे जड ठोकळे मांडायचे, त्यांच्या वजनावर सांगाडा उभा. हवा तेव्हा सोडवून दुसरीकडे नेता येतो.

भोकं! या गच्चीला! हे गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आठ दिवस गुडघ्यांवर रांगत यांनी गळती थांबवायचा थर दिला होता. स्वतःच्या हाताने — कामगारांवर विश्वास कुठे होता! त्यानंतर एक थेंब आत आला नाही. फिटरला म्हटलं, विचार करून सांगते.

५ फेब्रुवारी
आज कोणाशीच बोलले नाही. कुकरवर खेकसले, ते धरत नाही.

८ फेब्रुवारी
फिटरला परत बोलावलं. वाऱ्याने ठोकळे सरकतील का, विचारलं. नाही म्हणाला. मग गंजाचं विचारलं. मग सावलीचं. मग परत वाऱ्याचं. बिचारा चिडला नाही, चहा घेऊन गेला.

खरं सांगायचं तर सगळं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण कोणीतरी दारात चपला काढतं, 'काकू, जरा पाणी द्या' म्हणतं, तेवढंच बरं वाटतं. लिहायलाही लाज वाटते.

११ फेब्रुवारी
लेकाचा फोन — रविवार नसताना! पॅनलचं सांगितलं. मधेच तोडून म्हणाला, "आई, ठोकळेच घे. भोकं अजिबात पाडू द्यायची नाहीत."

केवढा ठाम! बापाचे ते आठ दिवस लक्षात आहेत त्याच्या. आणि मी उगाच मनात धरून बसले होते, की पोरगं सगळं विसरलं. फोन ठेवला आणि पोटभर रडले. मग गच्ची झाडून घेतली.

१३ फेब्रुवारी
फिटरला ठोकळे सांगितले. का, तेही सांगितलं. दोनदा सांगितलं बहुतेक. नशीबवान आहात काकू, म्हणाला. आहेच मुळी!

१७ फेब्रुवारी
सोळा ठोकळे आले. दोन माणसं जिन्यात कण्हत होती, मी मागून सूचना देत होते. घरात आवाज झाला की किती बरं वाटतं! उद्या सांगाडा.

१८ फेब्रुवारी
सकाळीच लेकाचा फोन. घराला गिऱ्हाईक बघितलंय त्याने. मला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्याच्या घरापासून तासाभरावर. "म्हणून तर ठोकळे सांगितले, आई. घर विकताना पॅनल काढून नेता येतील." यांनी दिलेल्या थराचं विचारलं. "कसला थर?" म्हणाला.

वर गेले. फिटर पहिला ठोकळा मांडत होता. म्हटलं, "राहू दे ते. ड्रिल आण."