दोन नावांचा एक आवाज

१२ मार्च, दुपारी

प्रिय ताई,

बरी असशील. मीही बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो.

आईच्या रेडिओ केंद्रातली जुनी ध्वनिमुद्रणं आता इंटरनेटवर येणार आहेत. प्रत्येक मुद्रणाला कायमचा पत्ता, म्हणजे लिंक, द्यायचं काम माझ्याकडे आलंय. दिवसभर कानाला हेडफोन, समोर स्टुडिओची धुरकट काच, आणि कधीच्या कुणाचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत राहतात. चहा कधी गार झाला, कळत नाही.

सुरुवातीला मी पत्त्यातच निवेदकाचं नाव घातलं. साहेब म्हणाले, "बदलू शकेल असं काही पत्त्यात नको. उद्या नाव बदललं, तर जुना पत्ता घेऊन येणाऱ्याला दार सापडणार नाही." मी मान डोलावली, पण केलं माझंच.

मग आईच्या नावानं शोधलं, तर अकराच मुद्रणं निघाली. नऊ वर्षं रोज बोलणाऱ्या बाईची अकरा! लग्नानंतरही बरीच वर्षं ती माहेरच्याच नावानं बोलायची, हे मला कुठे ठाऊक? त्या नावाची सगळी मुद्रणं दुसऱ्याच पत्त्यांवर पडून होती.

चूक कबूल केली. आता पत्त्यात नुसता आकडा. निवेदक, वर्ष, विषय यांची वेगळी गाळणी, म्हणजे फिल्टर. हवं ते लावायचं, तेवढंच समोर उरतं. आईची दोन्ही नावं एकाच निवेदकाला जोडली, आणि दोनशे सहा मुद्रणं ओळीनं उभी राहिली.

त्यातल्या एकात हवामान सांगून झाल्यावर माइक बंद करायचा राहिलाय. एक लहान मुलगी विचारते, "मी बोलू?" आई म्हणते, "बोल की. कोण ऐकत नाही तेच बघू." पण तू बोललीच नाहीस. नुसते श्वास, तुझा आणि तिचा, बराच वेळ.

सातदा ऐकलं. आता लिहून टाकते, पुन्हा धीर व्हायचा नाही. आईच्या शेवटच्या आठवड्यात तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा मी सांगितलं, आई झोपलीय. ती जागी होती, ताई. तिसऱ्या वेळी तिनं विचारलंही, "कोण गं?" मी म्हणाले, "चुकून लागला." आठ वर्षं आईचं सगळं मी एकटीनं केलं आणि तू आयती येऊन गोड बोलणार, याचा राग होता.

त्या मुद्रणाचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. दुसऱ्या आवाजापुढे सध्या 'अज्ञात' असं आहे. तिथं तुझं नाव घालायचं का, ते तू ठरव. काहीच कळवलं नाहीस, तरी मी समजेन.

माफी मागायला दोन वर्षं लावलेली,
तुझी धाकटी