आम्ही आता मशीन विकत नाही

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

ताईकडे सुखरूप पोचलात, गुडघाही जरा बरा आहे, असं आईकडून कळलं. आम्ही सगळे मजेत (म्हणजे कसे, ते पुढे येईलच).

मामा, आमच्या कारखान्यानं कपडे धुण्याच्या मशिनी विकणंच बंद केलंय! आमचे पगार वाढले (वाढायलाच हवे होते, त्यासाठी मीही घसा फोडला होता), त्यामुळे मशीन महागली आणि गिऱ्हाईक बाहेरच्या स्वस्त मशिनी घ्यायला लागलं. साहेब तीन दिवस डोकं धरून बसले आणि चौथ्या दिवशी म्हणाले, यापुढे मशीन आपलीच, जुन्यासुद्धा दुरुस्त करून लॉन्ड्रीत नुसत्या ठेवायच्या. लॉन्ड्रीवाल्यानं जेवढं धुतलं तेवढ्याचेच पैसे द्यायचे. मशीन थांबली की नुकसान आपलं. मी थक्कच झालो. बावीस वर्षं मशीन ट्रकवर चढवून हात झटकले, आता लेकीमागोमाग तिच्या सासरी जाऊन राहायचं!

मला फिरता फिटर केलंय. पहिला महिना परीक्षेचा. माझ्यामुळे मशीन थांबली तर नारळ.

पहिल्याच लॉन्ड्रीत (कोणत्या, ते नंतर) काय झालं ऐका. मी शेकडो मशिनी जोडल्या, पण एकही काम करताना पाहिली नव्हती. कारखान्यात ना पाणी, ना कपडा. इथे दवाखान्याच्या चादरी आत गेल्या त्या बघवत नव्हत्या, आणि बाहेर आल्या त्या पांढऱ्याशुभ्र! मी एक गालाला लावून पाहिली (इस्त्रीवाला बघतच राहिला). हे इतकी वर्षं आपण करत होतो आणि आपल्यालाच पत्ता नव्हता, मामा!

मग माझी खोड आठवली. जोडलेल्या प्रत्येक मशीनच्या ड्रममागे मी पंचानं (टोकदार खिळाच तो) एक ठिपका मारतो. कन्या झाली त्या दिवशी आनंदाच्या भरात दोन मारले होते. मशीन उत्तम चालली होती, तक्रार कसलीच नव्हती, पण ठिपका बघितल्याशिवाय राहवेना. बंद केली, पत्रा काढला, ड्रम सोडवला. दोन ठिपके! मी फरशीवरच बसलो, डोळे भरून आले. मशीन कायमची गेली असं वाटून इस्त्रीवालाही शेजारी येऊन बसला.

पुन्हा जोडेपर्यंत चार तास गेले.

आपला भाचा

ता. क. मशीन किती तास आणि का बंद होती, हे कागदावर लॉन्ड्रीच्या मालकानं लिहून सही करायची असते. मालक सध्या गुडघा घेऊन लेकीकडे गेलेत. कागद सोबत जोडलाय. कारण जरा सांभाळून लिहा.

ता. क. दुसरा. राहवलं नाही, साहेबांना मीच सगळं सांगून टाकलं. तर ते म्हणाले, मीसुद्धा आपली मशीन कधी धुताना पाहिली नाही रे. उद्या ते तुमच्या लॉन्ड्रीत येताहेत. ठिपकेही बघायचे म्हणतात. तेव्हा कागदावर चारऐवजी आठ तास लिहा.