पेट्रोलच्या तोंडाशी साचलेलं पाणी

९ जुलै १९२१, शनिवार

साप्ताहिकात छापून आलं — आणि दुपारपर्यंत पेठभर झालं! हंबीरराव सरकारांची नवी शर्यतीची मोटर पावसात तीनदा अडली, टाकीच्या तळाशी शेरभर पाणी निघालं, एवढंच मी बंगल्यावरच्या कचेरीत बसून ऐकलं होतं. बाकी मालमसाला माझा. ‘कोल्हापुरात म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळतात म्हणून दुधात पाणी नाही. पेट्रोल कुणी समोर पिळत नाही. ड्रायव्हरसाहेबांनी ही विद्या कुठल्या गवळ्याकडून उचलली?’ खाली सही — विंचू.

विंचू म्हणजे सरकारांचा कारकून बाळासो इंगवले, वय सत्तेचाळीस, हे छापखानेवाला आणि ही वही सोडून कुणाला ठाऊक नाही. नाव मी कुणाचंच घातलेलं नाही. पण गावात अशी मोटर एकच आणि तिला ड्रायव्हरही एकच. असो. जमलंय मात्र झकास.

१० जुलै

सरकारांनी अंक वाचला. मोठ्यानं हसले. मग हसायचे थांबले.

१२ जुलै, मंगळवार

ड्रायव्हर कुतुबुद्दीनला काढलं. पेट्रोल बाहेर विकतोस आणि टाकीत पाणी भरतोस, असं सरकार सगळ्यांदेखत म्हणाले. त्यानं कुराणाची शपथ घेतो म्हटलं. त्यावर दिवाणजी म्हणाले, शपथेवर मोटर चालत नाही. लोक हसले. वाक्य दिवाणजींचं, पण घराणं माझंच.

त्यानं महिनाअखेर बंगल्याची खोली सोडायची. हुकमाचा कागद मलाच लिहायला लागला. अक्षर चांगलं आलं. मेलं, अशा वेळी नेमकं चांगलं येतं.

१४ जुलै

मोटर पुन्हा अडली! आता पिराजी चालवतो, पेट्रोलचे डबे कुलपात, किल्ली सरकारांच्या खिशात. तरी तळाशी पाणी. सरकार म्हणाले, जुनंच राहिलं असेल. मी मान डोलावली. जुनं पाणी परवाच काढलं होतं, माझ्यासमोर.



१५ जुलै, शुक्रवार

कुतुबुद्दीनच्या खोलीवर गेलो. सामान अर्धं बांधलेलं. दोन बंगल्यांवर काम विचारायला गेला होता. दोन्हीकडं त्याच्यापुढं साप्ताहिकाचा अंकच धरला. हे सांगताना त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. त्याच्या बायकोनं, हुसेनबीनं, चहा दिला. साखर सढळ होती.

पाणी कुठनं येतं, मी सरळ विचारलं. तो उठला, पाण्याच्या तांब्यावर वाटी ठेवून दाखवायला लागला. मोटरीच्या शेपटावर पेट्रोल ओतायचं तोंड आहे. ते खोलगट वाटीत बसवलंय. वाटीत पडलेला पाऊस वाहून जावा म्हणून तळाला एक बारीक भोक आणि खाली नळी. ते भोक बुजलंय. वाटी भरते, पाणी झाकणाच्या वर चढतं, आटे झिजलेत तिथनं आत झिरपतं.

आणि भोक कशानं बुजलं? चैत्रात सरकारांच्या आईसाहेबांनी नवी मोटर जोतिबाला नेली होती. डोंगरावर तिच्यावर पोत्यानं गुलाल उधळला, खोबरं उधळलं. परत आल्यावर आईसाहेबांची सक्त ताकीद — देवाचा गुलाल पुसायचा नाही, आपसूक जाईल तसा जाऊ दे. पाऊस लागला, गुलालाचा चिखल झाला आणि त्या भोकात बसला. यानं ताकीद पाळली. नुसतं घोंगडं घालायचा वरनं. वेगात ते उडून जायचं.

“मग बोलला का न्हाईस?”

“मी बोलू? देवाच्या गुलालानं मोटार बिघडली, आसं मी जाऊन सांगू, कारकूनसायब?”

मी तांब्यावरची वाटी उचलून खाली ठेवली.

१६ जुलै

ओवाळून टाकलेली अक्कल आज कामी आली. आईसाहेबांकडं गेलो, म्हटलं, देवाचा गुलाल नळीतून चाकाखाली चाललाय. हे बघवत नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. सगळा काढून तुळशीत घाला, म्हणाल्या. तुळशीत!

छत्रीच्या तारेनं भोक मोकळं केलं. लाल चिखल निघाला, दोन खोबऱ्याचे तुकडे निघाले. कुतुबुद्दीनचा भाऊ लालासाब पत्र्याची कामं करतो. त्यानं तोंडाभोवती बोटभर उंच कड झाळली, वर चामड्याची टोपी, पट्ट्यानं आवळायची. “घागर वता आता,” म्हणाला. दोन घागरी ओतल्या. पाणी नळीतनं खाली धो धो. टाकीच्या तळाचं काढून बघितलं — निव्वळ पेट्रोल.

१८ जुलै, सोमवार

काल मुसळधार. मोटर पन्हाळ्याला जाऊन आली, कुठंही अडली नाही. सरकारांना सगळं सांगितलं. त्यांनी वाटी स्वतः पाहिली, भोकात काडी घालून पाहिली. पोरगं निर्दोष हाय, म्हणाले. मी म्हटलं, मग बोलवू?

नको म्हणाले. गाव त्या विंचवाचं खरं मानतंय. आता परत ठेवला तर सरकार चोर पोसतात म्हणून दुसरा लेख येईल. विंचवानं नावानिशी मागं घेतलं तर गोष्ट वेगळी.

“आणि तो घावला, तर त्याला माझ्या मोटारीत घालून, गावादेखत, त्याच्या गावी टाकून येतो.”

माझं गाव पेठ वडगाव. रस्ता बरा आहे.

१९ जुलै

आजारी असल्याचं कळवलं. खोटं. नोकरी बावीस वर्षांची. या वयात दुसऱ्या कुणाची कारकुनी मिळेल? आणि विंचवाची नांगी एकदा काढली की उरतो तो किडाच.

हेच वाक्य छापायला किती छान, असंही वाटून गेलं. लाज नाही.

२० जुलै

हुसेनबी भांडी विकायला घेऊन जाताना दिसली. परातीवर पाऊस वाजत होता.

संध्याकाळी लिहायला बसलो. आजवरचा सगळ्यात वाईट मजकूर. एक कोटी नाही, एक टोमणा नाही. भोक कुठं, गुलाल कुणाचा, ताकीद कुणाची, ती कुणी पाळली आणि त्याला चोर कुणी म्हटलं. खाली पूर्ण नाव. छापखानेवाल्यानं दोनदा विचारलं.

२२ जुलै

विंचू मीच, हे कुतुबुद्दीनला छापायच्या आधी सांगायला हवं. दारापर्यंत गेलो. परत आलो.

२३ जुलै, शनिवार

अंक निघाला.

२४ जुलै

सकाळी मोटर दारात, चालवायला कुतुबुद्दीन, अंगात बंगल्यावरचा कोट. वडगावला सोडून यायचा हुकूम आहे, एवढंच बोलला. रस्त्यात माणसं जमलेली. मी ट्रंक घेऊन मागं चढायला लागलो. “मागं नको, हितं बसा,” म्हणाला, आणि शेजारच्या, सरकारांच्या जागेवरचं पाणी बाहीनं पुसलं.