ऐंशीच्या खाली

१९ जून

८४.१.

मागच्या शुक्रवारी ८४.१. त्याच्या मागच्या ८४.२. काटा बिघडला असेल म्हणून आट्याची दहा किलोची पिशवी ठेवून बघितली. बरोबर दहा. काटा ठीक आहे.

अण्णा लुंगी-बनियनवर उभे होते. "लुंगी काढू का?"

"लुंगीचं वजन दीडशे ग्रॅम असेल, अण्णा."

"मग काढतो की! दीडशे तर दीडशे."

काढली. ८४.०. खूश झाले. मी मात्र ८४.१ च लिहिलं.

एकदाच लिहून ठेवतो, पुन्हा नाही. आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. ती पुण्यात श्रावस्तीकडे असते, माझी बहीण. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. अण्णा एक किडनी देणार. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, देणाऱ्याचं वजन ऐंशीच्या खाली पाहिजे, त्याशिवाय हात लावणार नाही. १० ऑगस्टला तपासणी. एप्रिलमध्ये अण्णा ९१ होते. सात उतरले. चार राहिले. आणि आता उतरतच नाहीयेत.

ह्या वहीला एक नियम: मोजलेलं लिहायचं, ऐकलेलं लिहायचं. वाटलेलं नाही! वाटलेलं लिहिण्यात कॉलेजची तीन वर्षं गेली आणि एक गोष्ट धड पूर्ण झाली नाही.

२० जून

आकडा माझा आहे. एप्रिलमध्ये ॲपवर काढला होता. वजन, उंची, वय टाकायचं आणि मग ते विचारतं—काम कसं? बसून, थोडंफार उठबस, मध्यम, मेहनतीचं. मी अण्णांना न विचारता 'मेहनतीचं' दाबलं. अण्णा स्कॅफोल्डर, परांची बांधणारे. बावीस वर्षं बाहरीनमध्ये लोखंडी पाइप खांद्यावरून वर चढवतायत. दुसरं काय दाबणार?

उत्तर आलं २९००. एवढ्या कॅलरी रोज जळतात. त्यातून सातशे वजा. २२०० खायच्या.

अण्णांनी मार्करनं फ्रिजवर लिहिलं: २२००. खाली रेघ. बिल्डिंगच्या नकाशावर मारतात तशी.

तेव्हापासून चपात्यासुद्धा वाटी पालथी घालून मापात कापतात.

२३ जून

अण्णांना आईचा फोन. "उतरलं का?"

"उतरतंय, उतरतंय. तू नीट ऱ्हा."

फोन ठेवला आणि काट्यावर चढले. मंगळवार होता. वजनाचा दिवससुद्धा नव्हता.

२६ जून

८४.३. वाढलं!

मग राहिलं एकच. चोरून खातायत.

तौकीरला फोन केला. आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो, दुपारी अण्णांबरोबर जेवतो. विचारलं, अंकल डब्याशिवाय काय खातात? करक चहा? समोसा?

"अरे सुजीत भाई, अंकल तो खीरा खाते हैं. बकरी की तरह. मैं सामने बिर्यानी खोलता हूँ तो उधर मुँह करके बैठ जाते हैं."

तौकीर त्यांना सांभाळून घेतोय, असं लिहिणार होतो. ते वाटलेलं. खोडलं.

२८ जून

विचारलंच शेवटी. भांडी घासत होते.

"अण्णा, खरं सांगा. बाहेर काही खाता का?"

"न्हाय."

"मग आकडा खोटा बोलतोय का?"

नळ बंद केला. हात पुसले. "तू हिकडं येईस्तोवर वीस वर्षं एकटा काढली मी. कुणी बघत नव्हतं तवाबी खोटं खाल्लं न्हाय."

मग गादीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. संध्याकाळचे सहा वाजले होते. जेवले नाहीत. आज साधारण १४०० झाल्या.

१ जुलै

सापडलं.

ऑफिसातून टाइमशीटवर सह्या घ्यायला तुबलीच्या वर्कशॉपला पाठवलं. मी हेड ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर, वर्कशॉपला वर्षातून दोनदा जातो. स्टोअरच्या काउंटरमागं अण्णा. उंच स्टुलावर. वर एसी. कुणी चिठ्ठी आणली की उठायचं, क्लिपा मोजून द्यायच्या, परत बसायचं. मी वीस मिनिटं होतो. तीनदा उठले.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद असतं, पंधरा जूनपासून. कंपनीनं पन्नाशीवरच्या सगळ्यांना त्याआधीच, एक जूनपासून, उन्हाळ्यापुरतं आत घेतलंय. ही यादी मला माहीत होती! मीच फाइल केली. चौदा नंबरला दत्तू कांबळे, स्कॅफोल्डर टू स्टोअर. नाव वाचलं, पंच मारलं, फाइलला लावलं. ते नाव रोज माझ्याशेजारी झोपतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

परत येताना बसमध्ये हिशोब केला.

वजन ८४, उंची १६६, वय ५४. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला १६१२ लागतात. ९१ किलोला लागत होत्या १६८२. सात किलो गेले तशा सत्तर कॅलरी गेल्या. एवढं चालतं. पण वर कामाचा गुणाकार असतो, आणि खरा घोळ तिथं. मेहनतीच्या कामाला पावणेदोनच्या आसपास. स्टुलावरच्या कामाला १.३७५.

२२१७.

अण्णा खातात २२००. रोजचा फरक सतरा. सतरा! बिस्किटसुद्धा नाही. ह्या वेगानं एक किलो उतरायला साडेचारशे दिवस.

वजन कमी झालं की आकडा पुन्हा काढायचा असतो. काम बदललं की पुन्हा काढायचा असतो. ॲपच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. मी एप्रिलनंतर एकदाही काढला नाही.

महिना गेला. माझ्यामुळं.

२ जुलै

सांगितलं. आधी माफी मागितली, ती त्यांनी ऐकलीच नाही. त्यांना वेगळंच लागलं.

"काय लिवलंस? बसून काम?"

"'थोडीफार उठबस' लिहिलंय."

"बावीस वर्षं पाइप वाहिलेत. हे खांदे बघ. आन मला बसून काम!"

"आत्ताचं काम विचारतंय ते, अण्णा. बावीस वर्षांचं नाही."

"मग ते येडं हाय."

जरा वेळानं स्वतःच कागद ओढला. आकड्यांवर बोट फिरवलं. "म्हंजे मी बारीक झालो म्हून मला कमी लागतंय?"

"हो."

"आन बसतो म्हून आनखी कमी."

"हो."

"टावर दोन मजले कमी केला तर पाइप बी कमीच लागायचे." विचार केला. "बरोबर हाय. मला आधी सांगायचं न्हाय का?"

३ जुलै

८४.२.

अडतीस दिवस. चार किलोच्या वर. म्हणजे रोज जवळजवळ साडेआठशेचा खड्डा पाहिजे. नुसतं खाणं कमी केलं तर १४०० वर यावं लागेल. तासभर चालले तर चालण्याचे अडीचशे धरून १६५० खाता येतील. दोन्ही समजावले. दुसरं करायचं ठरलं.

फ्रिजवरचं २२०० अण्णांनी थुंकी लावून पुसलं. १६५० लिहिलं. रेघ मारली नाही.

५ जुलै

बाहेर चालणं अशक्य. संध्याकाळी सातलाही भिंती गरम. म्हणून जुफैरचा मॉल. एसीतल्या एसीत गोल गोल.

अण्णा सेफ्टी शूज घालून आले. खांद्यावर टॉवेल. परफ्यूमच्या दुकानातली मुलगी प्रत्येक फेरीला कागदाची पट्टी पुढं करायची आणि अण्णा प्रत्येक फेरीला थांबून हुंगायचे! सातव्या फेरीला मी म्हटलं, थांबू नका, नाडी खाली येते.

"ती बिचारी उभी हाय सकाळपासनं. तिला कुठलं काम लावशील तुझ्या ॲपमंदी?"

तासानंतर विचारलं, "किती गेले?"

"अडीचशे."

"म्हंजे?"

"एक खुबूस."

फूड कोर्टच्या बाजूला बघितलं. "एका रोटीसाठी तासभर गाढवावानी फिरलो?" हसले. मग म्हणाले, "चल, आनखी दोन फेऱ्या."

१० जुलै

८३.०.

१३ जुलै

आईचा फोन, स्पीकरवर. आवाज बसलेला. डायलिसिसचा दिवस होता. श्रावस्ती मागून म्हणाली, हातावरची सुई लावायची जागा बिघडत चाललीय, डॉक्टर म्हणतात लवकर बघा.

आई म्हणाली, "तुमचं न्हाय जमलं तर ऱ्हाऊ द्या. पन पोरांला हात लावायचा न्हाय. माझं मी बघीन."

हे ती मार्चपासून म्हणतेय. मार्चमध्ये पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी चार्जरची वायर गुंडाळत होतो. गुंडाळून झाली, मी सोडली, पुन्हा गुंडाळली. अण्णा तेव्हा लगेच म्हणाले होते, "मी हाय की."

आजही तेच म्हणाले. "मी हाय की. एक्क्याऐंशीवर आलोय."

त्र्याऐंशीच्या आसपास असतील.

१५ जुलै

"भूक लागली का?"

"मफी भूक! खलास झाली भूक."

१७ जुलै

८१.८.

सात दिवसांत एक किलो दोनशे. पार्टी दे म्हणाले, काकडीची.

हे हिशोबात बसत नाही. १६५० खाऊन आणि तासभर चालून आठवड्याला पाऊण किलो जायला पाहिजे. एवढं जातंय म्हणजे रोज हजारच्या आसपास खातायत. नाहीतर चालणं दोन-तीन तास. मी मॉलमधून ऑफिसचं काम आहे सांगून लवकर निघतो. ते कधी येतात, बघितलेलं नाही. डबा संध्याकाळी धुतलेला येतो. खाऊन रिकामा केला की भरलेलाच ओतून दिला, कळत नाही.

मी विचारलं नाही. आकडा बरोबर दिशेला चाललाय.

१९ जुलै

तौकीरचा फोन, सव्वाअकरा. "सुजीत भाई, अंकल गिर गए. स्टूल से. डरने का नहीं, बात कर रहे हैं."

टॅक्सीनं क्लिनिक. भुवईवर चार टाके. शर्टवर रक्त, वर्कशॉपचं ग्रीस. हाताला सलाइन. मला बघून पहिलं वाक्य:

"किती ऱ्हायले रं?"

एक किलो आठशे. सांगितलं नाही.

तौकीर बाहेर बाकावर बसला होता. खालच्या आवाजात म्हणाला, दहा-बारा दिवस झाले, अंकल त्यांच्या चपात्या त्यालाच देतायत. "बोले, बेटे को मत बताना, बेटे ने बहुत मेहनत से हिसाब बनाया है."

२० जुलै

सकाळी रिपोर्ट दाखवायला पुन्हा क्लिनिक. डॉक्टर केरळचे, हिंदी जपून जपून बोलतात.

साखर खाली गेलेली. प्रेशर खाली. अंगात पाणी नाही. आणि क्रिएटिनिन वाढलंय. ती किडनीचीच तपासणी. पाणी पिऊन, नीट जेवून ते परत खाली येईल, म्हणाले, घाबरू नका, पण आता उपास बंद. वजन उतरवायचं तर हळू. महिन्याला एक-दीड किलो. म्हणजे १० ऑगस्ट गेला.

"ये डाएट किसने बनाया?"

"मी," मराठीतच म्हणालो.

त्यांनी कागदावरचे आकडे वाचले. गणित बरोबर आहे म्हणाले. "लेकिन आदमी को पूछा था, कितना खा रहा है?"

मग पुण्याचं सगळं विचारलं. ऐकून माझ्याकडं बघितलं. "बेटा है ना? जवान है. इसका टेस्ट किया?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले. "इसका ग्रुप नहीं मिलता, साब."

इतकं ठाम! डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मी रिपोर्टची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

२१ जुलै

अण्णांनी फ्रिजवरचं १६५० पुसलं. नवा आकडा विचारला. मला काढता आला नाही.

दोघं पोटभर जेवलो.

२२ जुलै

एक मोजलेलं इथं लिहिलं नव्हतं. एप्रिलमध्ये हूऱ्यातल्या लॅबमध्ये कुणाला न सांगता माझं रक्त तपासून घेतलं होतं. बी पॉझिटिव्ह, आईचाच ग्रुप. साखर, क्रिएटिनिन, सगळं नॉर्मल. रिपोर्ट तेव्हापासून बॅगेच्या तळाशी.

आज सकाळी अण्णांच्या चहाशेजारी ठेवला.

त्यांनी उघडला नाही. कप उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला, कागदाला डाग पडू नये म्हणून.

"वाचलाय मी," म्हणाले. "एप्रिलमंदीच. दुसऱ्या दिवसापासनं भात सोडला."

मग बूट घातले. "यल्ला, चल. बस येईल."