घरचा नंबर

४ जानेवारी, रविवार

तंबू सापडला! नदीकाठी एकतीस डिसेंबरची राख, बाटल्या, मसाल्याची फाटकी पाकिटं — आणि त्यातच हा. निळा, नवा कोरा, एक काडी मोडलेली. मुंबईची मंडळी काडी मोडली म्हणून अख्खा तंबू टाकून जातात! दोन गोणी कचरा भरला आणि तिसऱ्या फेरीत तंबू घरी आणला. चोरी नाही ही. मजुरी.

शेजारचे बुधाजीकाका बांधावरून बघत होते. "घर हाय ना तुला? मंग तंबू कशाला गं? भांडलीस काय कोणाशी?"

कुणाशी भांडू? घरात माणूस लागतं त्याला.

७ जानेवारी

काडीला पाइपाचा तुकडा बसवला, वरून मेडिकलच्या दुकानातली चिकटपट्टी. अठरा वर्षं त्या काउंटरवर उभी आहे, एक पट्टी माझ्या हक्काची. तंबू उभा राहिला! पुढच्या खोलीतच लावला. आईच्या खाटेच्या जागेवर बरोब्बर बसतो.

तंबूच्या पिशवीला माहिती लिहायची एक पट्टी आहे. नाव, आणि खाली 'अडचणीत कुणाला कळवायचं'. हात आपोआप चालला — आई. आईचा मोबाईल नंबर. लिहून झाल्यावर भानावर आले. आईला जाऊन पाच महिने झाले.

खोडलं नाही. पेन पक्कं होतं, पुसलं गेलं नसतं. असं म्हणायचं झालं.

११ जानेवारी, रविवार

एक मुलगी एकटीच समुद्रकिनारी तंबूत राहते, तिचे व्हिडिओ बघतेय. शेकोटी पेटवू नका. कचरा परत आणा. एकट्याने पाण्यात उतरू नका. गावात विचारून मगच तंबू लावा. सगळं पटलं. पण तिचा पहिला नियम — कुठे जाताय आणि किती वाजता परत येणार, हे घरच्या एका माणसाला सांगून निघा.

घरचं एक माणूस!

नऊ वर्षं आई अंथरुणाला खिळून होती आणि नऊ वर्षं तिचा एकच प्रश्न. "किती वाजता येशील?" कामाला निघाले, विचारायची. दूध आणायला कोपऱ्यावर निघाले, तरी विचारायची. मी वैतागायचे. आले की येईन! शेवटच्या सकाळीही विचारलं. मी चप्पल घालत होते. उत्तरच दिलं नाही.

आज आईचा फोन चार्ज केला. दर रविवारी करते. गॅसचं बुकिंग त्या नंबरावर आहे, म्हणून चालू ठेवलाय — भावाला, हर्षदला हेच सांगते. गॅस तरी कुठे संपतोय? पाव आणि चहा, तोही उभ्यानेच. एकीसाठी कुकर काय लावायचा.

१८ जानेवारी

काल बुधाजीकाकांच्या कापलेल्या भातशेतात तंबूत झोपले. पाठीला धसकटं टोचली. थंडी मरणाची. पण झोप लागली — घरात लागत नाही.

सकाळी काका तांब्याभर पाणी घेऊन हजर. समुद्रावर तंबू लावायचाय असं सांगितलं तर म्हणाले, "आमी काय समुद्रावाली मानसं नाय. नदीचं सांगतो. झुडपात कचरा किती वर अडकलाय ते बघायचं. पानी तितवर येतं. आनि पावसाळा सरला की नदी कुटं जात नाय, बिनघोर झोप."

हे वहीत नीट लिहून ठेवलं.

२२ जानेवारी

ठरलं. शनिवार एकतीसला निघायचं, रविवारी परत. रविवारी पौर्णिमा आहे. आई दर पौर्णिमेला उपोसथाचा उपवास धरायची, पांढरं लुगडं नेसून. आजारपणातसुद्धा पांढरी चादर मागायची. आणि चांदणंही असेल. याहून चांगला दिवस कुठला!

आम्ही दोघींनी समुद्र पाहिला तो चैत्यभूमीला, सहा डिसेंबरच्या गर्दीत, माणसांच्या खांद्यांमधून. "एकदा निवांत बघू गं," म्हणाली होती. राहिलं ते.

२५ जानेवारी

हर्षदला फोन केला. भाऊ आहे, नेरळला राहतो, म्हणजे काही परदेशात नाही. सगळं सांगितलं. कुठलं गाव, कुठला किनारा, रविवारी चारपर्यंत घरी येईन, सहापर्यंत माझा फोन आला नाही तर तू कर. मागे टीव्ही चालू होता.

"हं. हं. लिहून घेतो."

पेन कुठे शोधलं असेल त्याने. असो. सांगितलं तर खरं. नियम पाळला.

३१ जानेवारी, शनिवार, संध्याकाळ

नारळाच्या वाडीत बसून लिहितेय. किनाऱ्यावर नाही. का ते सांगते.

पनवेलहून एसटी, पुढे टमटम, मग चालत. पोचले पाचला. समुद्र कुठल्या कुठे लांब! नुसती वाळू. बुधाजीकाकांचा नियम लावला — शेवाळ, काटक्या कुठवर आल्यात ते पाहिलं, त्याच्याही दहा पावलं वर, कोरड्या खडखडीत वाळूवर तंबू ठोकला. गावात विचारायचं ते उद्या विचारू म्हटलं. लाज वाटली, दुसरं काय. एकटी बाई, काय सांगायचं?

तेवढ्यात एक म्हातारी टोपली घेऊन आली. थांबली. तंबूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मरायला आलीस काय गं?"

मग म्हणाली, "आज तिथ कंची?"

मला काय ठाऊक! आमच्यात पौर्णिमा तेवढी कळते. म्हटलं, उद्या पौर्णिमा.

"मंग आज चवदस. चवदा त्रिक बेचाळीस, त्याचे चार भाग — साडेधा. रातीला साडेधाला भरती. आनि पुनवेचं उधाण! थंडीतलं रातचं पानी दिवसाच्या पान्याहून वर चढतं. तू बघितलीस ती सकाळच्या पान्याची रेघ. झोपेत न्हेलं असतं तुला."

मी कपाळाला हात लावला. नदी कुठे जात नाही, म्हणून समुद्रही जागेवर बसेल? आणि हौसेनं दिवस निवडला तोही उधाणाचा!

चिमा नाव तिचं. मी माझं सांगितलं, रूपा. तिनेच मेखा उपटल्या. तंबू उचलून दोघींनी तिच्या वाडीत आणला. तिथेही सूचना चालूच — झावळांखाली नको, नारळ पडंल. विस्तव नको, सुका पातेरा पेटंल. मग समोर बसली.

"घरी कोन हाय?"

"आई," म्हटलं. का म्हटलं? तोंडातून गेलं.

"नंबर दे."

मी माझा नंबर सांगायला लागले, तर हात झटकला. "तुजा काय करू? तुजं काय झालं तर तुजाच फोन उचलनार कोन? घरचा दे, आयचा."

दिला. पाठ आहे तो. नातवाच्या जुन्या वहीत तिने आकडे मोठे मोठे काढले.

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

उजाडल्यावर किनाऱ्यावर गेले. पाणी परत लांब गेलंय. काल तंबू ठोकला होता त्या जागी ओली वाळू, आणि काटक्यांची, बाटल्यांची, दोऱ्यांची रेघ तिथून चार हात वर. मेखांची भोकंसुद्धा नाहीत.

खाली बसले.

भीती मरणाची वाटली नाही, खरं लिहिते. भीती ही वाटली की कुणाला कधी कळलं असतं? सोमवारी दुकानातून फोन आला असता. उचलला नसता तर वाटलं असतं, आजारी असेल.

निवांत समुद्र बघितला, आईच्या वाटचाही. रेघेवरच्या बाटल्या गोणीत भरल्या. निघताना चिमामावशी टोपली घेऊन लांब पाण्यावर गेली होती, भेटली नाही. ओट्यावर चिठ्ठी आणि वाटेसाठी नेलेल्या लाडवांचा डबा ठेवला.

त्याच दिवशी, रात्री

एसटी घाटात बंद पडली. फोन त्याआधीच मेलेला. चारला येणार होते, पोचले साडेआठला! रस्ताभर जीव वर-खाली — हर्षद घाबरला असेल, पोलिसांत गेला असेल, नेरळहून निघाला असेल. दारात चप्पल न काढता फोन चार्जरला लावला.

मिस्ड कॉलचा एकही मेसेज नाही.

पाच मिनिटं थांबले. मग दहा. नेटवर्क नसेल म्हणून बंद करून परत चालू केला. एका कर्जाच्या जाहिरातीचा मेसेज आला.

चहा केला. पाव नव्हता. तशीच झोपते.

२ फेब्रुवारी

दुकान. कुणी काही विचारलं नाही. नाकाचं कातडं सोललंय उन्हाने, तेही कुणाला दिसलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हर्षदचा फोन! "अगं, ते तू समुद्रावर जाणार होतीस ना? कधी निघतेयस?"

रागसुद्धा आला नाही. "रद्द केलं," म्हटलं.

"बरं केलंस. एकटीने कशाला उगाच."

४ फेब्रुवारी, बुधवार

आईचा फोन बंद पडला होता. रविवारचं चार्जिंग राहिलं ना. आत्ता कामावरून आले, वायर लावली, चालू केला — आणि वाजला! आई गेल्यापासून पहिल्यांदा वाजला. उचलला.

"रूपाची आय का? मी चिमा, समुद्रावरली. तीन दिस झालं फोन लावते, लागतच नाय तुमचा! जिवाला घोर. पोरगी पोचली का?"

मग म्हटलं, "पोचली."

"किती वाजता?"

"साडेआठ वाजले. गाडी बंद पडली होती."

"आता कुटं हाय?"

"इथेच आहे. घरी."

"जेवली का?"

"नाही अजून," म्हटलं.

"मंग बोलत काय बसल्यात? वाढा की पोरीला!"

फोन ठेवला. तांदूळ धुतले. कुकर लावला.