कपांची सोनेरी कड

बाबा, आज पाय फार दुखतायत. दिवसभर उभं राहून शिकवायचं वय आता राहिलं नाही. रोह्याच्या कॉलेजात आज युरोपातल्या राजेरजवाड्यांचं चालू होतं. चिनी मातीची भांडी तिकडे सोन्याच्या मोलाची, सरदार लोक त्यांनी दालनंच्या दालनं सजवायचे, आणि ती पाहुण्याला दाखवली की घराण्याचा मान ठरायचा. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "म्हणजे वापरायची नायच, मॅडम?" वर्ग हसला. मला मात्र आपल्या हमरापूरच्या घरातले ते सहा कप दिसले.

मला बघायला माणसं यायची होती. आत्याने मुंबईहून दिलेल्या त्या कपांची सोनेरी कड आईनं घासून घासून पार घालवली होती. तुम्ही सकाळीच तुमच्या गणपतीच्या कारखान्यातून मुकुटाचा सोनेरी रंग आणलात, मूर्तीचे डोळे आखायचा बारीक ब्रश घेतलात, आणि कप फिरवत एका दमात कड ओढलीत. हात कुठे हलला नाही. नुसते मांडून ठेवा, चहा स्टीलच्याच कपांतून द्या, असं तुम्ही बजावलंत. पण मी कसली ऐकतेय! स्टीलचे कप बघून ते काय म्हणतील, याचीच मला धास्ती. मी चहा त्यातच ओतला. होणाऱ्या सासूबाई पहिला घोट घेतात, कप खाली ठेवतात, तर ओठावर सोनेरी रेघ. तुम्ही सरळ सांगून टाकलंत, मूर्तीचा रंग आहे, मीच लावलाय. त्या पदरानं ओठ पुसत राहिल्या.

माणसं गेल्यावर मी तुमच्यावर केवढी तणतणले. रंगारी तो रंगारीच राहणार, असं मी म्हणाले, चारचौघांत माझी लाज घालवलीत म्हणाले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "तू नाय ना प्यायलीस गो त्यातनं?" मी पाठ फिरवून आत निघून गेले. पुढे लग्न तिथेच जमलं. सासूबाईंनी तो विषय कधी काढला नाही, तुम्हीही नाही, आणि मग तुम्ही गेलातच. चुकलं माझं, एवढं म्हणायचं राहून गेलं. त्याचा फार त्रास होतो, बाबा.

आता रोह्याजवळ वरसेतल्या फ्लॅटमध्ये माझंही काचेचं कपाट आहे, त्यात बारा कपांचा सेट. चहा आम्ही स्टीलमधूनच पितो. हे पत्र टाकायचं तरी कुठे? राहील तासांच्या टाचणवहीत. आज त्या मुलीला तुमच्याबद्दल सांगणार होते. रंगवलेली कड मी स्वतः पाहिली आहे, इथवर म्हणालेही. तिनं विचारलं, कुणाकडे? मी म्हणाले, होते एक ओळखीचे.